आईच्या खडकावरची पाहुणी

तुम्ही एका बाईला तिच्या आईपासून तोडलंत, साहेब, आणि त्यासाठी तुम्हाला खुर्चीतून उठावंही लागलं नाही. कचेरीच्या काचेमागून तुम्ही विचारलंत, "तुमचं आडनाव गोवासेस. वारलेल्या बाईचं उइरास. मग तुम्ही त्यांच्या कोण?" ती म्हणाली, "मुलगी." तुम्ही म्हणालात, "आडनाव जुळत नाही," आणि तिच्या मागच्या माणसाला पुढे बोलावलंत.

आम्हा दामारा लोकांत, जुन्या वळणाच्या घरात, आईचं नाव मुलाकडे जातं आणि बापाचं मुलीकडे. पुरुषाच्या नावाला शेवटी ब, बाईच्या नावाला स. म्हणून उइरास बाईचा मुलगा उइराब, आणि गोवासेब बापाची मुलगी गोवासेस. एका लेकराला आईने नावाने धरायचं, दुसऱ्याला बापाने, कोणी कोणाच्या हातून सुटायला नको. तुम्हाला हे ठाऊक नव्हतं असं मी मानत नाही. तुम्ही विचारायचा कंटाळा केलात. मग आता ऐकायचा कंटाळा करू नका.

एल्फ्रीडा गोवासेस थोरली, टेओफेलुस उइराब धाकटा. त्यांची आई गेरहार्डिना खोरिक्सासच्या पुढे, जिथे खडीचा रस्ता संपून नुसती चाकोरी उरते, तिथे झुकत्या खडकापाशी जन्मभर राहिली. घरापेक्षा मोठा धोंडा, एका अंगावर कललेला, कोणी काही सांगतंय आणि तो कान देऊन ऐकतोय असा. परगावच्या गाड्या यायच्या. आई झगा झटकून उठायची, लोकांना खडकाखाली न्यायची, खडकाचं नाव घ्यायची, गोष्ट सांगायची. टेओ मिसरूड फुटताच विंडहुकला पळाला आणि टायरच्या दुकानात लागला. एल्फ्रीडा मागे राहिली. आईचे गुडघे गेले तेव्हापासून लोकांना खडकाखाली नेणारी तीच. आई सावलीत बसून तिच्या चुका काढायची.

आई तिला पाहुणी म्हणायची. मुलगी बापाच्या नावाची, म्हणजे आईच्या घरात पाहुणी, अशी ती थट्टा. "ए पाहुणी, पाणी आण." "आज पाहुणीने घाटा करपवला बरं का." एल्फ्रीडा हसायची. शेवटच्या आजारात तीच आई तिच्या हातचं पाणी पिता पिता दाराकडे बघून विचारायची, "टेओ आला का?" तेव्हा मात्र एल्फ्रीडाला हसू यायचं नाही.

आई गेली. तुम्ही खडकाला पाटी द्यायचं ठरवलंत, पगारी राखणदार नेमायचं ठरवलंत, आडनाव जुळवलंत आणि टेओला नेमलंत. आईची थट्टा तुम्ही खरी करून दाखवलीत. एल्फ्रीडा एका सफरवाल्याची कॉम्बी, पर्यटकांची छोटी बस, चालवायला लागली.

त्यावर तुमचा आणखी एक हुकूम निघाला. नव्या राखणदाराने वाटेतली नावाजलेली ठिकाणं बघावीत, तिथले वाटाडे कसे बोलतात ते ऐकावं, आणि शनिवारी पाटीच्या कार्यक्रमाला उभं राहावं. गाडी ठरली ती त्याच सफरवाल्याची. एल्फ्रीडाला मालकाला नाही म्हणता आलं असतं. तिने तसं म्हटलं नाही. आपली जागा भावाच्या अंगावर कशी बसते, ते तिला डोळ्यांनी बघायचं होतं.

जागा चांगलीच बसली होती. विंडहुकला टेओ गाडीशी आला तो कडक इस्त्रीचा खाकी शर्ट घालून, छातीवर कचेरीचं चिन्ह. त्याच्यामागे रेगिना मावशी, आईची धाकटी बहीण, वेटकूकची, तळलेल्या पिठाच्या गोळ्यांची, पिशवी पोटाशी घट्ट धरून.

"आउसी, कसा दिसतोय?" टेओने विचारलं. थोरल्या बहिणीला आमच्याकडे आउसी म्हणतात.

"पेट्रोल पंपावरचा दिसतोस."

"टायरवाल्यापेक्षा बरं," मावशी म्हणाली. "चला, ऊन चढतंय."

ओकाहांड्याला वाळवलेलं मांस घेतलं. टेओने सगळ्यांत मऊ पट्टी मावशीला दिली, दुसरी आउसीला, आणि स्वतः चिवट तुकडा चघळत बसला. हा माणूस दुष्ट असता तर एल्फ्रीडाचं काम सोपं झालं असतं. दुष्ट तो कधीच नव्हता. लहानपणी तो शेळी हरवून यायचा आणि आई त्याला जवळ घेऊन म्हणायची, बरं झालं, तू तरी परत आलास. एल्फ्रीडाने शेळी हरवली त्या दिवशी तिला उपाशी झोपावं लागलं होतं.

उसाकोसच्या पुढे वळण घेतलं आणि स्पिट्सकॉपे दिसायला लागला, माळावर एकटाच उभा, उघडा लालसर दगड. फाटकापाशी बसणारे वाटाडे एल्फ्रीडाला कॉम्बी चालवायला लागल्यापासून ओळखत. ती पर्यटक घेऊन यायची, पाणी भरायची, त्यांच्याशी हुज्जत घालायची. त्यातला थोरला, झालमोन, पुढे आला. त्याने टेओच्या छातीवरचं नाव वाचलं.

"उइराब? झुकत्या खडकाच्या म्हातारीचा मुलगा?"

"हो."

झालमोनने टोपी काढली आणि दोन्ही हातांनी टेओचा हात धरला. "तुझ्या आईने मला बोलायला शिकवलं, बाबा. ये. आज तू आमचा."

मग एल्फ्रीडाकडे वळून म्हणाला, "तू गाडी त्या झाडाखाली लाव."

"मी कोणाची मुलगी आहे ते माहीत आहे ना तुला?"

"गोवासेबची," झालमोन म्हणाला. "देव त्याला शांती देवो. माणूस चांगला होता, पण खडकाशी त्याचा काय संबंध? त्याच्या तर मेंढ्या होत्या."

झालमोन आपला माणूस, आपल्याच रितीतला. रीत आता त्याच्याही तोंडात तुमच्यासारखीच बोलायला लागली होती. एल्फ्रीडाने गाडी झाडाखाली लावली आणि स्टिअरिंगवर दोन्ही मुठी ठेवून बसून राहिली. काचेतून तिला दिसत होतं, दगडाच्या कमानीखाली टेओ कमरेवर हात ठेवून उभा आहे आणि सगळे त्याच्याभोवती. तो मान कशी हलवत होता? आईसारखी. आयुष्यभर आईजवळ राहिली ती, आणि आईची मान आली याला.

तासाभराने तो आला, घामाघूम, खूश.

"आउसी, एक विचारू? रागावू नको. आई खडकाचं नाव कसं घ्यायची? म्हणजे, पहिली टिचकी कुठली?"

"विसरलास?"

"विंडहुकला दिवसभर आफ्रिकान्स बोलायचं, संध्याकाळी इंग्रजी. जीभ जड झाली गं. शनिवारी सगळ्यांसमोर घ्यायचंय."

आमच्या भाषेत जिभेच्या चार टिचक्या आहेत. हळहळताना चुकचुकतात ती एक. गाढवाला हाकताना गालातून काढतात ती दुसरी. बाटलीचं बूच उडाल्यासारखी टाळूवरून सुटते ती तिसरी. चौथीचं इथे काम नाही. खडकाचं नाव गारेस. बुचाची टिचकी लावून गारेस म्हटलं तर अर्थ होतो कान देणारी. गालाची लावून म्हटलं तर शेळीचं ढुंगण.

एल्फ्रीडाने क्षणभर समोर बघितलं.

"गालातली," ती म्हणाली. "गाढवाला हाकतोस तशी. जोरात."

टेओने गालातून टिचकी काढली आणि नाव घेतलं. मग पुन्हा. मग आणखी मोठ्याने. मागच्या सीटवर रेगिना मावशीने तोंड खिडकीकडे वळवलं. तिचे खांदे हलत होते.

"बरोबर आहे ना, मावशी?"

"आवाज खणखणीत आहे," मावशी खिडकीला म्हणाली.

उइसपर्यंत तो घोकत गेला. पंपावर दोन बायका पाण्याचे डबे घेऊन उभ्या होत्या, त्यांनी ऐकलं, एकमेकींकडे बघितलं आणि डबे खाली ठेवून हसल्या. टेओने त्यांना हात केला. त्याला वाटलं, ओळखलं आपल्याला.

मुक्काम उइसला मावशीच्या पुतणीकडे. संध्याकाळी दाउरेस पेटला. पाट्यांवर त्याला ब्रांडबर्ग म्हणतात; आमच्यासाठी तो दाउरेस, जळणारा. मावळतीचं ऊन अंगावर घेऊन सगळा डोंगर निखाऱ्यासारखा होतो, मग हळूहळू राख. टेओ बघतच राहिला. एल्फ्रीडा डोंगराला पाठ करून टायरची हवा बघत होती. आतून तीही तशीच जळत होती, फक्त सूर्य बुडाला तरी विझत नव्हती.

सकाळी मावशी तिच्या शेजारी येऊन बसली.

"सांगणार आहेस ना त्याला?"

"काय?"

"मला शेळ्या ओळखता येतात, पोरी."

"मग तू सांग."

"मी उइरास. मी सांगितलं तर म्हणशील, मावशीने आपलं नाव वाचवलं. हे तुझ्याच तोंडून सुटायला हवं." मावशीने वेटकूकचा तुकडा मोडून तिच्या हातात दिला. "तुझा हक्क मारला गेला, ते मी दहा जणांत सांगेन. पण त्याला शेळीच्या मागे उभं करून तुझा हक्क परत यायचा नाही."

"मला बरं वाटेल."

"किती वेळ?"

एल्फ्रीडाने तो तुकडा तोंडात टाकला.

उइसच्या पुढे रस्त्याकडेला आमच्या जुन्या गोष्टींतल्या वीराची, हैत्सी-आइबेबची, दगडांची रास लागते. तो मरतो आणि पुन्हा उठतो, म्हणून त्याच्या समाध्या ठिकठिकाणी. येणाऱ्या-जाणाऱ्याने एक दगड टाकायचा, वाट सुखाची मागायची, आणि पुढे जायचं. टेओने खिडकीची काच खाली केली आणि पायाशी पडलेला खडा बाहेर भिरकावला.

एल्फ्रीडाने करकचून ब्रेक मारला.

"खाली उतर."

"टाकला ना दगड."

"तो दगड होता? तो तुझ्या बुटातला कचरा होता. उतर."

"अगं, केवढं ऊन आहे."

"आईचे गुडघे गेले होते तरी ती उतरायची."

टेओ उतरला. तळव्यात मावणार नाही असा दगड शोधला, दोन्ही हातांनी राशीवर ठेवला आणि तिथेच उभा राहिला. परत आला तेव्हा डोळे ओले होते. "आईला म्हटलं, मी उशिरा आलो, पण सांभाळून घे."

मावशीने त्याच्या पाठीवरून हात फिरवला. एल्फ्रीडाने गिअर टाकला. आईच्या मातीलासुद्धा तिला रडू आलं नव्हतं. पाहुण्यांना चहा करायचा होता. याला रस्त्यात उभ्या उभ्या रडू येतं आणि लगेच त्याच्या पाठीवरून हात फिरतो. पण तो मोठा दगड तिच्या मनात अडकून राहिला. खोरिक्सास येईपर्यंत तिचं अर्धं मन वळलं होतं. दगड झालेल्या झाडांपाशी पोचल्यावर सांगून टाकू, असं तिने ठरवलं.

तिथे जमिनीवर आडवे पडलेले ओंडके, साल जशीच्या तशी, वर्तुळं मोजता येतील अशी, आणि हात लावला तर दगड. तिथल्या वाटाड्याने काठीने दाखवलं. "ही झाडं इथली नव्हेत. मुळं दिसतात का कुठे? पुरात लांबून वाहून आली, इथे अडकली आणि इथेच दगड झाली."

एल्फ्रीडा टेओच्या जवळ सरकली. "टेओ, ऐक. त्या नावाचं..."

टेओ ओंडक्यावर हात फिरवत होता, चेहरा खुललेला. "म्हणजे पाहुणी झाडं," तो म्हणाला. "आई तुला म्हणायची तशी. नाही का गं, पाहुणी?"

त्याच्या मनात काही नव्हतं, साहेब. आईची आठवण आली आणि ती त्याने बहिणीला दिली, मऊ मांसाची पट्टी दिली तशी. पण तो शब्द आईचा होता. तो आईने म्हणायचा, एल्फ्रीडाने ऐकायचा. तोही उचलून याने खिशात घातला होता.

"नावाचं काय?" टेओने विचारलं.

"जोरात घे," एल्फ्रीडा म्हणाली. "लोकांना ऐकू जायला हवं."

शनिवारी तुम्ही स्वतः आलात, गार पांढऱ्या गाडीतून. मंडप होता. गावच्या बायका लांब झग्यांत, डोक्याला फडकी बांधून आल्या होत्या. म्हातारे सावलीच्या बाजूला. तुम्ही भाषण केलंत, त्यात वारसा हा शब्द इतक्यांदा आला की शेळ्यासुद्धा उठून गेल्या. मग पाटीवरचं कापड ओढलंत आणि म्हणालात, आता राखणदार आपल्या पूर्वजांच्या भाषेत या खडकाचं नाव घेतील.

टेओने छाती भरून श्वास घेतला, गालातून टिचकी काढली आणि माळभर ऐकू जाईल असं खडकाला शेळीचं ढुंगण म्हटलं.

आधी कोणी हललं नाही. मग म्हाताऱ्यांतून एक फिसकारा आला, मग बायकांनी फडक्यांत तोंडं लपवली, आणि मग सगळा माळ हसायला लागला. तुम्हाला वाटलं, जनता भारावली. तुम्ही ध्वनिक्षेपक हातात घेऊन म्हणालात, "वा. पुन्हा एकदा, आता सगळे मिळून." आणि गाव मिळून ओरडलं. तुम्हीही ओरडलात, टिचकीशिवाय, टाळ्या वाजवत.

टेओच्या चेहऱ्यावरून रंग उतरला. त्याला कळलं. त्याची नजर सरळ गर्दीतून एल्फ्रीडावर आली आणि तिथे थांबली. ती याचसाठी इतकी वाट गाडी चालवत आली होती. तिने नजर हटवली नाही.

मग टेओने खडकावर थाप मारली आणि म्हणाला, "हसता काय? दुपारी तुमच्या शेळ्या इथेच टेकतात ना? मग नाव काय खोटं आहे?"

लोक अक्षरशः लोळले. एका म्हातारीने डोळे पुसत शेजारणीला म्हटलं, "बघ. गेरहार्डिनाचीच जीभ."

एल्फ्रीडा तिच्या मागेच उभी होती. इतकी वर्षं तिने ते नाव अचूक घेतलं होतं, पाहुण्यांसमोर, आईसमोर. एकदाही कोणी म्हटलं नव्हतं, गेरहार्डिनाचीच जीभ. याने चुकवलं, तेही तिनेच चुकवायला लावलेलं, आणि जीभ याची ठरली.

ती पाटीपाशी गेली. मोठ्या अक्षरांत गारेस. खाली, राखणदार: उइराब कुटुंब. टिचकीची खूण तुम्ही घातलीच नव्हतीत. बुचाची नाही, गालाची नाही, कुठलीच नाही. तुमच्या पाटीवर कान देणारी आणि शेळीचं ढुंगण एकाच अक्षरांनी लिहिलं जातं. तिला जे माहीत होतं त्यालाही तिथे जागा नव्हती, आणि तिने जो सूड घेतला त्यालाही नव्हती.

टेओ कॉम्बीमागे तिला गाठून उभा राहिला. हातात कोणीतरी दिलेल्या भाजलेल्या मांसाचं ताट. ताट आधी त्यालाच मिळालं होतं.

"तू केलंस."

"हो."

"का?"

"जळते मी तुझ्यावर. शर्टावर नाही. पगार मिळतो त्यावर थोडी. आई दाराकडे बघायची त्यावर जास्त."

टेओने ताटाकडे बघितलं. मग म्हणाला, "मी त्यांना सांगितलं असतं गं, आउसीच सगळं करायची म्हणून."

"मग का नाही सांगितलंस?"

"मला नोकरी हवी होती."

"हे बरं बोललास. आज पहिल्यांदा खरं बोललास."

"सोमवारपासून तू ये. मदतनीस म्हणून मी सांगेन साहेबांना."

"पाहुणी होते, मदतनीस झाले," एल्फ्रीडा म्हणाली. "बढतीच आहे." आणि ती कॉम्बीत चढली.

त्या खडकाकडे एकच चाकोरी जाते, साहेब, दोन्ही अंगांना धोंडे आणि कोरडी नाळ. तुम्ही निघायच्या बेतात होतात. एल्फ्रीडाने कॉम्बी पुढे नेली, चाकोरीच्या तोंडाशी आडवी लावली, इंजिन बंद केलं आणि किल्ली झग्याच्या खिशात टाकली. मग उतरून तुमच्या काचेपाशी आली. पुन्हा काचच. तुम्ही ती जेमतेम बोटभर खाली केलीत.

"बाई, गाडी काढा."

"काढते. आधी खडकाचं नाव घ्या."

"गारेस."

"कुठलं गारेस?"

तुम्ही चालकाकडे बघितलंत. त्याने समोर बघितलं. तुम्ही म्हणालात, लेखी द्या. तुम्ही म्हणालात, कार्यक्रम संपला. तुम्ही हॉर्न वाजवायला सांगितलंत. लोक मंडपातून बाहेर येऊन उभे राहिले. आता कोणी हसत नव्हतं. रेगिना मावशी कॉम्बीच्या सावलीत जाऊन बसली आणि तिने वेटकूकची पिशवी उघडली, म्हणजे तिलाही घाई नव्हती. टेओ ताट हातात घेऊन मधेच उभा होता, ना इकडे ना तिकडे, आणि एल्फ्रीडाने त्याच्याकडे बघितलंही नाही. त्याचा हिशोब घरातला आहे, तो ती घरात बघून घेईल. आणि जळणंही तिचं तिच्यापाशी आहे, ते तुम्ही विझवावं असं ती म्हणत नाही.

तिने बुचाची टिचकी काढली, टाळूवरून, स्वच्छ, आणि नाव घेतलं. खडक कान देऊन होता. मग तिने काचेवर बोटाने टकटक केली.

आता हॉर्न वाजवून झाला असेल, साहेब, तर काच खाली करा आणि बोला. गेरहार्डिना उइरासची एल्फ्रीडा गोवासेस, ती तिच्या आईची कोण?